पगार कमी आला तर आधी हे कर

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, नवीन लागलास, म्हणून सांगतो. पगार कमी आला की लगेच मालकाशी भांडायला जाऊ नको. आधी पगारपत्रक माग. मूळ पगार, महागाई भत्ता, पीएफची कपात वेगवेगळी दिसली पाहिजे. भत्ता १ एप्रिलला बदलतो आणि बरेच जण नेमका तोच मुरवतात. जादा कामाचा दर दुप्पट असतो. चहापाण्याला म्हणून शंभराची नोट हातावर ठेवली की तो हिशेब मिटत नाही.

रजिस्टरात रकमेचा रकाना कोरा असेल तर सही करायची नाही, कितीही घाई करू देत. कंत्राटदाराने बुडवलं तर मूळ कंपनीही जबाबदार, हे तो तुला कशाला सांगेल?

कामगार खात्यात अर्ज कन्नडमध्येच दे, लवकर हलतो. (भाषेचा वाद तिथं नको बाबा.) दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नको.