पेशींना मानवेल असं साहित्य: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न: मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षात आहे. बायोमटेरिअलमध्ये, म्हणजे शरीरात वापरायच्या साहित्यात, एमटेक करायचं आहे, पण बायोलॉजी कधीच सुटली. गेटचा कोणता पेपर द्यावा?
— एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर: मेकॅनिकलचाच द्या. २०२० पासून बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा वेगळा पेपर आहे खरा, पण त्यात सर्किट, सिग्नल आणि मोजमापाच्या उपकरणांचा भाग मोठा आहे. वर्षभरात ते सगळं नव्याने उभं करण्यापेक्षा जमेल तर जोडीला एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस) पेपर घ्या, त्यातला मटेरिअल सायन्स विभाग तुम्हाला परका नाही. दोन पेपर ठरावीक जोड्यांतच देता येतात, तेव्हा त्या वर्षीची यादी पाहा. स्कोअर तीन वर्षं चालतो. बंगळुरूचं आयआयएससी, आयआयटी मुंबई, त्रिवेंद्रमची श्रीचित्रा ही वैद्यकीय तंत्रज्ञान संस्था या प्रत्येकाचे प्रवेशाचे नियम निराळे आहेत, म्हणून माहितीपत्रक वाचल्याशिवाय पेपर ठरवू नका.

तुमचं मूळ शिक्षण इथे अडचण नाही, भांडवल आहे. खुब्याच्या सांध्यात बसवायचा दांडा घ्या. ३१६एल स्टीलचा ताठरपणा सुमारे २०० गिगापास्कल, टायटेनियम मिश्रधातूचा ११०, आणि मांडीच्या हाडाच्या कठीण भागाचा जेमतेम १५ ते २०. भार ताठर दांड्यातून खाली जातो, भोवतालच्या हाडाला काम उरत नाही, ते विरळ होतं आणि दांडा सैल पडू शकतो. भाराचं गणित तुम्हाला येतं. भार कमी झाला की हाडातल्या पेशी हाड का विरघळवतात, तेवढं शिकायचं बाकी आहे. शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकातली हाड, रक्त आणि सूज ही तीन प्रकरणं आधी वाचा. मग सुट्टीत पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत बसू देतील का, असं ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठाला, झुआरीनगरला बिट्सला, बांबोळीला वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहून विचारा. लॅमिनार हूडसमोर, म्हणजे गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक कपाटासमोर, हात बसायला वेळ लागतो आणि तो वाचून बसत नाही.

प्रश्न: एमएस्सी बायोटेकच्या प्रकल्पात सुंगटांच्या (कोळंबीच्या) सालांपासून कायटोसन हा नैसर्गिक पॉलिमर काढला, १ टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये २ टक्के विरघळवून गोठवला आणि फ्रीज-ड्रायरमध्ये वाळवला. फोम सुंदर दिसतो, पण त्यावर पेशी मरतात. एकदा मात्र एमटीटी चाचणीत १२० टक्के पेशी जिवंत असल्याचा आकडा आला. चूक कुठे आहे?
— एक विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर: मीडियम (पेशी वाढवायचं पोषक द्रव) पिवळं पडतं का ते पाहा. पडत असेल तर पहिला दोषी ॲसिडच आहे. वाळवल्यावर मोकळं ॲसेटिक ॲसिड बरंचसं उडून जातं, पण कायटोसनला क्षाररूपाने बांधलेलं फोममध्येच राहतं. मीडियम पडताच ते सुटतं, पीएच खाली येतो, आणि फोमही फुगून विरघळू लागतो.

उपाय ठरलेला आहे. वाळलेला फोम थेट पाण्यातल्या कॉस्टिक सोड्यात टाकलात तर फुगतो, मग आक्रसतो, छिद्रं मिटतात. म्हणून ८० टक्के अल्कोहोलमध्ये केलेल्या सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तासभर ठेवा. नंतर ७०, ५०, ३० टक्के अल्कोहोल असं उतरत पाण्यावर या. धुतलेल्या पाण्याचा पीएच ७ च्या आसपास स्थिरावेपर्यंत पाणी बदलत राहा, मग पीएच स्थिर ठेवणाऱ्या बफरमध्ये धुवा. पुन्हा वाळवायचं असेल तर गोठवण्याचा वेग पहिल्यासारखाच ठेवा: सावकाश गोठवलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि छिद्रंही मोठी पडतात.

आता १२० टक्के. एमटीटी पेशी मोजत नाही, पिवळ्या रसायनाचं जांभळ्या फॉर्मझानमध्ये होणारं रूपांतर मोजते. काही साहित्य ते रूपांतर स्वतःच घडवून आणतं, आणि सच्छिद्र फोम फॉर्मझान शोषून आकडा खालीही ओढतो. म्हणून प्रत्येक वेळी पेशींविना नुसता फोम आणि एमटीटी असं प्लेटमधलं एक घर ठेवा. हे घर नसलेला आकडा प्रबंधात घालू नका, परीक्षक तिथेच बोट ठेवेल. जोडीला कॅल्सीन आणि प्रोपिडियम आयोडाइडने रंगवून मायक्रोस्कोपखाली जिवंत व मेलेल्या पेशी प्रत्यक्ष पाहा.

त्याआधी अर्काची चाचणी लावा, म्हणजे फोम मीडियममध्ये ठेवून उतरलेला अर्क पेशींवर घाला. उपकरणांच्या जैविक सुरक्षिततेचं मानक आयएसओ १०९९३ नुसार हलक्या सच्छिद्र साहित्याला १ मिलिलिटर मीडियममागे ०.१ ग्राम, ३७ अंशांवर २४ तास. फोम स्वतः जितकं मीडियम पितो, तेवढं वरून जास्त घाला, नाहीतर अर्क अकारण तीव्र होतो. एल९२९ (या चाचणीतल्या उंदराच्या पेशी) जिवंत राहण्याचं प्रमाण ७० टक्क्यांखाली आलं तर साहित्य विषारी असू शकतं असं धरतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सुंगटांच्या बाबतीत तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. बाजारातून आणलेली सालं आपल्या उकाड्यात काही तास पडून राहिली की जीवाणू वाढतात. त्यांचं एंडोटॉक्सिन, म्हणजे त्यांच्या आवरणातलं विष, ऋणभारित असतं, कायटोसन धनभारित, त्यामुळे ते घट्ट चिकटून बसतं. ऑटोक्लेव्हच्या दाबाखालच्या वाफेने जीवाणू मरतात, एंडोटॉक्सिन तसंच राहतं. एल९२९ पेशींची चाचणी ते पकडेलच असं नाही. परक्या वस्तू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी मात्र लगेच खवळतात, आणि शरीरात सूज आणणाऱ्या त्याच. सालं बर्फात आणा, त्याच दिवशी धुऊन वाळवा, शेवटच्या धुण्याला एंडोटॉक्सिनमुक्त पाणी वापरा, आणि एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करून घ्या.

निर्जंतुक करण्यासाठी ७० टक्के अल्कोहोल प्रयोगापुरतं चालेल, पण जीवाणूंचे बीजाणू त्याने मरत नाहीत. २५ किलोग्रे गॅमा किरणांनी ते मरतात, मात्र कायटोसनच्या साखळ्याही तुटतात. तेव्हा बळकटी आणि विघटनाचा वेग किरणं दिल्यानंतरच्या नमुन्यावर मोजा.

प्रश्न: मुलीला बायोइंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करायची आहे. धड इंजिनिअर नाही, धड जीवशास्त्रज्ञ नाही, असं तर होणार नाही ना?
— एक पालक, साखळी

उत्तर: होऊ शकतं, म्हणून तुमची काळजी रास्त आहे. मुलीने एका विषयात पक्कं असावं आणि दुसऱ्यातला प्रयोग स्वतःच्या हाताने लावून त्यातली चूक ओळखता यावी, इतकं आम्ही मागतो.

श्रीचित्रात तयार झालेली हृदयाची झडप घ्या. हृदयशल्यविशारद डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली शल्यविशारद आणि इंजिनिअर वर्षानुवर्षं एकत्र बसले. आधीची रूपं बाद झाली. शेवटी कोबाल्ट-क्रोम मिश्रधातूची चौकट आणि त्यात अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिनची हलती चकती हा मेळ टिकला, आणि १९९० मध्ये ती झडप पहिल्यांदा रुग्णात बसवली गेली. झीज मोजणारा आणि रक्त का गोठतं हे जाणणारा, दोघांनाही एकमेकांचं बोलणं कळत होतं.

प्रवेशाआधी तिला गाईडकडे चार गोष्टी विचारू द्या. दुसऱ्या विभागातला सहमार्गदर्शक कागदोपत्री आहे की नुसता तोंडी? पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत काम करून मग विषय निवडता येतो का? पेशीसंवर्धनाची खोली स्वतःची आहे की पाळी लावावी लागते? रुग्णांचे वा प्राण्यांचे नमुने लागणार असतील तर नैतिकता समितीची मंजुरी हातात आहे का? ही मंजुरी रखडली तर काम महिनोन् महिने अडून राहतं आणि शिष्यवृत्तीचा काळ मात्र संपत जातो.

नोकऱ्यांचं म्हणाल तर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार उपकरणांचे ए ते डी असे चार वर्ग झाले. परवान्यासाठी सुरक्षिततेच्या चाचण्यांची कागदपत्रं लागतात आणि ती समजून तयार करणारी माणसं कंपन्यांना हवी असतात. आयएसओ १३४८५ (उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थेचं मानक) आणि १०९९३ यांची ओळख तिने पीएचडीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत करून घ्यावी.