साठवलेली सफरचंदं का सडतात?

प्रश्न: दर शरदात घरचे सगळे मिळून जुन्या झाडाची सफरचंदं उतरवतो. साठवलेली फळं मात्र महिन्याभरात सडतात. काय चुकतं?

उत्तर: फांदी हलवून फळं पाडत असाल, तर तेच मुख्य कारण. आपटलेलं फळ वरून धड दिसलं तरी आतून काळं पडतं आणि शेजारच्यांनाही सडवतं. फळ तळहातात धरून वर उचला, हलकेच पिरगळा. तयार असेल तर देठासकट सुटतं. ओढू नका. आखूड फळफांदी मोडते, आणि पुढचा बहर तिच्यावरच यायचा असतो! एखादं फळ कापून पाहा, बिया तपकिरी हव्यात. सगळी एकदम पिकत नाहीत. आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा उतरवा. पडलेली, किडकी फळं लगेच शिजवून संपवा. बाकीची न धुता, एकमेकांना टेकू न देता, ० ते ४ अंश सेल्सिअसला ठेवा.