घरात कुणाला असं आहे का?

तू मला ताई म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहिते. तुझा प्रश्न चार दिवस तसाच ठेवला होता. पुण्यात मेडिकल जेनेटिक्स केलेलं, जपानी लोकांमधल्या आनुवंशिक आजारांच्या धोक्यावर काम करायला तोक्योजवळच्या लॅबची तीन वर्षांची ऑफर, नवऱ्याला नोकरी सोडावी लागणार, मुलगी सात वर्षांची. तर ‘जावं का?’ बारा वर्षांपूर्वी मी हाच विषय घेऊन आले, आणि माझी लेकही तेव्हा सातच वर्षांची होती. त्यामुळे तुझं वाचताना मला माझंच आठवत राहिलं.

व्हिसा, विमा, पगार हे सगळं सरकारी साइटवर व्यवस्थित आहे, तिथे वाच.

कामाचं म्हणशील तर डोळे मिटून ये. बायोबँक जपान, म्हणजे पेशंटचं रक्त आणि डीएनए संशोधनासाठी साठवणारी पेढी, २००३ साली सुरू झाली आणि पहिल्या टप्प्यातच सुमारे दोन लाख पेशंटचे नमुने जमले. २०११च्या त्सुनामीनंतर सेंदाईत तोहोकू मेडिकल मेगाबँक उभी राहिली. तिथे दीड लाख लोक आहेत आणि त्यातल्या कितीतरी घरांतली आजी-आजोबा, आईबाप, बाळ अशी तिन्ही पिढ्यांची माणसं. एवढा डेटा हाताशी असला की काय दिसतं ते सांगते. २०२३ साली जठराच्या कॅन्सरवरचा अभ्यास आला, १०,४२६ पेशंट आणि ३८,१५३ इतर लोक. पोटात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असेल तर वयाच्या ८५ व्या वर्षापर्यंतचा धोका १४.४ टक्के. त्याच जंतूच्या जोडीला डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या बीआरसीएसारख्या ठराविक जीनमध्ये दोष असेल तर ४५.५ टक्के. जीन बदलता येत नाही, पण जंतू आठवडाभराच्या गोळ्यांनी जातो. आपल्या धंद्यात पेशंटला इतकं सरळ काही सांगायला मिळणं दुर्मिळच, नाही का? लॅबच्या पहिल्याच पार्टीत अर्ध्या ग्लासात कुणाचा चेहरा लालबुंद झालेला दिसेल. तो एएलडीएच२, म्हणजे दारू पचवणाऱ्या जीनमधला बदल. इथल्या सुमारे चाळीस टक्के लोकांत तो बदल आहे, आणि तसा माणूस रोज पीत राहिला तर अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पुस्तकात वाचलेलं समोरच्या टेबलावर बसलेलं दिसतं.

कागदपत्रांचा जाच मात्र आहे. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असे तीन शब्द. रहिवासी कार्डावर रोमन लिपी, बँकेत काताकाना, म्हणजे परकी नावं लिहायची जपानी लिपी. एका फॉर्मवर मी आडनाव एका तऱ्हेने लिहिलं, दुसऱ्यावर आवाज लांबवून. तेवढ्या एका आडव्या रेघेपायी पहिला पगार सात आठवडे अडकला. काउंटरवरची मुलगी कमरेत वाकून माफी मागत होती आणि कागद परत करत होती. आल्या दिवशी काताकानातलं नाव एकदाच ठरव, कागदावर लिहून पाकिटात ठेव आणि मरेपर्यंत तेच लिही. एथिक्स कमिटीचे अर्जही जपानीत असतात. लॅबमधल्या कुणाशी त्यासाठी आधीच बोलून ठेव.

इथे फॅमिली हिस्टरी घेताना घाई करायची नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे ओपीडीत पेशंट स्वतःहून चुलत-मावस सगळ्यांचं सांगतो, इथे गप्प बसतो. त्याला कारण आहे. १९४८ पासून १९९६ पर्यंत इथे आनुवंशिक दोषाच्या नावाखाली नसबंदी करायचा कायदा होता. सुमारे २५,००० लोकांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या सुमारे १६,५०० जणांची संमतीच नव्हती. तो कायदा घटनाबाह्य होता, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं ते ३ जुलै २०२४ला. आपण आनुवंशिक गुणांना प्रभावी आणि अप्रभावी म्हणतो, त्यांना इथे यूसेई आणि रेस्सेई म्हणायचे. त्या अक्षरांचा सरळ अर्थ श्रेष्ठ आणि कनिष्ठ. मुलाला आजार झालाय आणि डॉक्टर आईला सांगतोय की तुमच्याकडून कनिष्ठ गुण आला. २०१७ साली जेनेटिक्सच्या संस्थेने ते शब्द बदलून ‘दिसणारा’ आणि ‘दडलेला’ अशा अर्थाचे केले. जुन्या पेशंटच्या तोंडी अजून जुनेच येतात.

आता शाळा. हे लिहायचं की नाही, यातच ते चार दिवस गेले.

लेकीला सरकारी शाळेत दुसरीत घातलं. जपानी शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. पाच महिन्यांनी आम्हाला बोलावलं. समोर तिघं, प्रत्येकापुढे चहाचा कप, मधे एक फॉर्म. मुलगी वर्गात बोलत नाही, हाक मारली तर वर बघत नाही, तिला विशेष मदतीच्या वर्गात ठेवावं म्हणाले. मग त्यातल्या वयस्कर बाईंनी अगदी हलक्या आवाजात, माझी लाज राखत विचारलं, ‘घरात कुणाला असं आहे का?’

हा प्रश्न मी दिवसभर दुसऱ्यांना विचारते. त्या दिवशी तो माझ्या पोरीबद्दल होता, आणि तिला काहीही नव्हतं, फक्त भाषा येत नव्हती. मला हे म्हणता आलं नाही. माझंही जपानी तेव्हा ‘हाय, हाय’, म्हणजे ‘हो, हो’, एवढंच. सगळे इतक्या नम्रपणे बोलत होते की नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटलं. मी सही केली.

सात महिने ती त्या वर्गात होती. सोलापुरात तिसापर्यंत पाढे म्हणणारी मुलगी, तिला बेरजेसाठी रंगीत मणी दिले. ती उत्तर लिहून मोकळी व्हायची आणि उरलेला तास मणी रंगांप्रमाणे लावत बसायची. हे तिने मला सांगितलं सहावीत गेल्यावर, सहज, जेवताना. त्या बाई वाईट नव्हत्या. तरी माझ्या मनातून ते गेलेलं नाही, आणि राग त्यांच्यापेक्षा त्या सहीचा जास्त आहे. तू शाळेत दुभाष्या घेऊन जा. तिथल्या तिथे कशावरही सही करू नकोस. ‘मोचिकाएत्ते केन्तो शिमासु’, म्हणजे घरी नेऊन विचार करते, हे वाक्य विमानात पाठ कर.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. दोन हिवाळ्यांत सवय होते. भाकरीचं पीठ मिळतं.

राहिलं शेवटचं. माझ्या आईला ४९व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. तिच्या थोरल्या बहिणीला ‘पोटाचं काहीतरी’ होऊन ती आधीच गेली होती. गेल्या वर्षी मी स्वतःची तपासणी करून घेतली. ज्यातल्या दोषाने स्तनाचा आणि बीजकोशाचा कॅन्सर होऊ शकतो त्या बीआरसीए२मध्ये एक बदल निघाला, अर्थ अनिश्चित, म्हणजे घातक की निरुपद्रवी ते ठरत नाही. इथे ७,०५१ स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंट आणि ११,२४१ निरोगी बायकांचे जीन वाचून झालेत. जपानी बाईत काही निघालं तर ताडून बघायला एवढं आहे. माझा बदल त्यांच्यात दिसत नाही, कारण मी त्यांच्यातली नाही. आपल्याकडे जिनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाचा दहा हजार लोकांचा डेटा संशोधकांना खुला झाला तो २०२५च्या जानेवारीत. मी बारा वर्षं दुसऱ्यांच्या घराचा धोका दशांश चिन्हापर्यंत सांगतेय, आणि एकोणीस वर्षांच्या लेकीने विचारलं की मीही तपासू का, तर तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

मावशीचं पोटाचं म्हणजे बीजकोशाचं असेल, तर सगळं चित्रच बदलतं. हे आजीला माहीत असणार. आजी २०१९ला गेली. दर दोन वर्षांनी सोलापूरला जायचे, तिच्या हातची शेंगाचटणी भरून आणायचे, आणि वंशावळ काढणं हाच धंदा असून तिच्याजवळ वही घेऊन कधी बसले नाही. मावशीचे केसपेपर शोधले. इतके जुने ठेवत नाही म्हणाले. वंशावळीत बाई म्हणजे वर्तुळ, आणि माझ्या वंशावळीत तिच्या वर्तुळात अजून प्रश्नचिन्ह आहे.

तेव्हा ये तू, जरूर ये. पण तिकीट काढायच्या आधी आठवडाभर गावी जा. जी म्हातारी माणसं असतील त्यांच्याजवळ बस, आईकडची आणि बापाकडची दोन्ही. कोण कितव्या वर्षी गेलं, कशाने गेलं, सगळं लिहून घे. ‘पोटाने गेली’ म्हणाल्या तर तिथे थांबू नकोस. पाळी जाऊन किती वर्षं झाली होती, पोट फुगलं होतं का, दुखायचं ते वर की ओटीपोटात, तेही विचार.