आधी गटार, मग रस्ता: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या गल्लीतल्या काँक्रीट रस्त्याचा ठराव नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत मंजूर झाला. आहे त्याच डांबरी रस्त्यावर आठ इंच काँक्रीट टाकणार, गटाराचं पुढच्या वर्षी बघू म्हणतात. आमचा ओटा रस्त्यापासून जेमतेम नऊ इंच वर आहे. हरकत घ्यावी का? (एक वाचक, जळगाव जिल्हा)

उत्तर: घ्या, आणि निविदा निघायच्या आत घ्या. नऊ इंचांतले आठ गेले की उरतो एक. पहिल्याच जोरदार पावसात पाणी ओट्यावर चढेल. जुना रस्ता खोदून काढल्याशिवाय नवा होऊ देऊ नका. आठ इंच काँक्रीट, त्याखाली चार इंच कमी सिमेंटचं काँक्रीट, त्याखाली दबाई केलेला सहा इंच मुरूम. म्हणजे दीड फूट खोदाई आली. अंदाजपत्रकात खोदाईची बाब आहे का, एवढं आधी बघा. नसेल तर रस्ता वर येणारच, तोंडी कोणी काहीही सांगो.

गटार रस्त्याच्या आधीच व्हायला हवं. नंतर खोदलं तर काँक्रीटच्या कडेखालचा मुरूम ढासळतो आणि कड तुटते. गटाराचा हिशेब मांडायचा तो नाल्यापासून, उलटा. दोनशेला एक उतार धरला तर १२० मीटरच्या गल्लीला ६० सेंटिमीटर उतार लागतो. जमीन सपाट असेल आणि वरच्या टोकाला गटार ३० सेंटिमीटर खोल असेल, तर खालच्या टोकाला ते ९० सेंटिमीटर होणार. नाल्याचा तळ त्याहून वर असला तर सांडपाणी तुंबणार आणि पुरात नालाच गल्लीत शिरणार. म्हणून बांधकाम विभागाकडे गटाराचा लांबछेद, म्हणजे तळ कुठे किती खोल हे लांबीभर दाखवणारं आरेखन, मागा. नुसता नकाशा बघून उतार कळत नाही.

जमिनीचा उतार तुम्हालाही मोजता येतो. गवंड्याची पारदर्शक लेव्हल ट्यूब घ्या, पाणी भरा, दोघांनी दोन टोकं भिंतींना धरा. पाणी स्थिर झालं की दोन्हीकडे पेन्सिलीने खूण करा आणि खुणेपासून रस्त्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. दोन अंतरांतला फरक म्हणजे तेवढ्या टप्प्यातला उतार. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं. तो आधी काढा.

गटाराचा तळ सपाट नको. उन्हाळ्यात त्यातून सांडपाण्याची बारीक धार वाहते. सपाट तळावर ती पसरते आणि गाळ बसतो. मधोमध अर्धगोल खाच ठेवली तर तीच धार गाळ ओढून नेते. ढापे, म्हणजे गटारावरची झाकणं, कड्या लावलेले, उचलता येणारे हवेत. घरासमोरच्या ढाप्यावर पायरी बांधून टाकू नका, तिथेच गटार तुंबतं आणि तिथेच साफ करता येत नाही.

हरकत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी द्या, ओट्याची उंची त्यात लिहा, आवक शिक्क्याची प्रत घ्या. कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश, निघाल्यावर बदल करायचा तर सुधारित अंदाजपत्रक, पुन्हा मंजुरी, असा फेरा पडतो. ठरावाने लोकांना अपाय होणार असेल तर १९६५च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. पण आधी नगरपरिषदेतच बोला.

प्रश्न: आमच्याकडे वर्षभरातच काँक्रीट रस्त्याला आडव्या भेगा पडल्या. सिमेंट कमी घातलं असेल का? (एक वाचक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर: असेलही, पण आधी खालची जमीन बघा. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते. ती काढून मुरूम थराथराने, पाणी मारून रोलरने दाबला नसेल, तर वर कितीही चांगलं काँक्रीट टाका, ते फाटणार.

दुसरं कारण सांधे. काँक्रीट सुकताना आकसतं, म्हणून दर चार-साडेचार मीटरवर, साधारण २४ तासांच्या आत, जाडीच्या पाव ते एकतृतीयांश खोल काप घ्यावा लागतो. काप उशिरा घेतला की काँक्रीट स्वतःच हवं तिथे फाटतं. भेग दोन कापांच्या मध्ये आहे की कापातच, हे टेप लावून बघा. कापातली भेग अपेक्षितच असते.

तिसरं आपल्याकडचं ऊन. मे महिन्यात भर दुपारी टाकलेल्या काँक्रीटचं पाणी तासाभरात उडतं. काम पहाटे किंवा संध्याकाळी हवं. त्यावर निदान १४ दिवस मातीचे वाफे करून पाणी साठवायला हवं. टँकरने सकाळ-संध्याकाळ शिंपडून भागत नाही.

करारात दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, लिहिलेला असतो. तो संपायच्या आत फोटो आणि मापांसह तक्रार द्या. ठेकेदाराची सुरक्षा अनामत परत गेली की मग दुरुस्ती पुन्हा तुमच्या-आमच्या करातूनच.

प्रश्न: मोजमाप पुस्तिका नागरिकाला बघता येते का? (एक वाचक, धुळे)

उत्तर: येते. झालेल्या कामाची मापं ज्यात नोंदवतात ती ही पुस्तिका. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. नुसती प्रत मागू नका. कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे, तोही अर्जात लिहा. काँक्रीटच्या १५ सेंटिमीटर ठोकळ्यांचा २८ दिवसांनंतरच्या ताकदीचा चाचणी अहवाल आवर्जून मागा. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.