चार्टमध्ये ‘फटीग, रूल आउट अ‍ॅनिमिया’ असेल आणि हिमोग्लोबिन कमी दिसत असेल, तर अ‍ॅनिमियाचा कोड का लावायचा नाही?

तुमची केस अशी: अमेरिकेतल्या क्लिनिकचा ओपीडी चार्ट, असेसमेंटमध्ये ‘फटीग, रूल आउट अ‍ॅनिमिया’ (थकवा आहे, अ‍ॅनिमिया नाही ना ते पाहायचं), प्लॅनमध्ये सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि टीएसएच (थायरॉइडची). रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ८.२. तुम्ही डी६४.९ (अ‍ॅनिमियाचा कोड) लावला, ऑडिटरने तो काढून आर५३.८३ (थकव्याचा कोड) केला आणि एरर धरली.

मी पुण्यात बसून असेच चार्ट कोड करत (इन्शुरन्सच्या क्लेमसाठी निदानांना कोड लावत) आले आहे आणि आता ऑडिट करते. ऑडिटरचं बरोबर आहे. पण नुसतं ‘गाइडलाइन आहे’ म्हणून सोडून देण्यासारखा हा मुद्दा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आयसीडी-१०-सीएमच्या (अमेरिकेतली निदानांच्या कोडची यादी) गाइडलाइन्समध्ये चौथा सेक्शन ओपीडीचा आहे. प्रोबेबल, सस्पेक्टेड, रूल आउट असं लिहिलेलं निदान ओपीडीत कोड करायचं नाही. त्या व्हिजिटला जेवढं नक्की ठाऊक आहे तेवढंच घ्यायचं. इथे नक्की काय आहे? थकवा. म्हणून आर५३.८३. अ‍ॅडमिट पेशंटचं मात्र उलट असतं. हॉस्पिटलमधून डिस्चार्ज होताना डॉक्टरने ‘प्रोबेबल’ लिहून ठेवलं असेल, तर ते निदान झालंच आहे असं धरून कोड करतात. इनपेशंटमधून ओपीडी प्रोजेक्टवर आलेल्यांचा गोंधळ बहुतेक इथेच होतो.

आता ८.२ चं. आपल्या फील्डमध्ये बीएचएमएस, बीफार्म, नर्सिंग करून आलेले खूप जण आहेत. असा आकडा दिसला की त्यांचे हात शिवशिवणारच. पण रिपोर्टमधला आकडा पाहून निदान ठरवणं हे कोडरचं काम नाही. तो आकडा पाहून डॉक्टरने ‘अ‍ॅनिमिया’ लिहायला हवं. मला हा नियम मनापासून पटतो, कारण आपण लावलेला कोड क्लेमबरोबर संपत नाही, तो पेशंटच्या नावावर राहतो. जे निदान डॉक्टरने त्या बाईला सांगितलेलंच नाही, ते तिच्या रेकॉर्डमध्ये आपण कोण टाकणार? शिवाय टीएसएच आणि सीबीसी का काढल्या, याचं खरं कारण थकवाच आहे. तो कोड नसेल तर त्या टेस्टचा आधार कमी पडू शकतो आणि डिनायल (इन्शुरन्स कंपनीचा पैसे द्यायला नकार) येऊ शकतो.

पुढच्या व्हिजिटला डॉक्टरने ‘आयर्न डेफिशियन्सी अ‍ॅनिमिया’ लिहिलं की डी५०.९ लावा आणि थकवा काढून टाका. अ‍ॅनिमियात थकवा असतोच, त्यामुळे तो वेगळा धरत नाहीत. थकव्याचं कारण दुसरंच असावं असं म्हणून डॉक्टर त्याची स्वतंत्र तपासणी करत असतील, तरच तो राहतो.

आणि समजा रिपोर्ट आला, डॉक्टरने आयर्नच्या गोळ्याही सुरू केल्या, पण असेसमेंटमध्ये अजून ‘फटीग’च आहे? मग क्वेरी (डॉक्टरला लेखी प्रश्न) टाका. मात्र ‘कृपया आयर्न डेफिशियन्सी अ‍ॅनिमिया लिहावं’ अशी क्वेरी चालत नाही, ती डॉक्टरच्या तोंडात शब्द घालणं झालं. अशी लिहा: ‘हिमोग्लोबिन ८.२, फेरिटिन कमी, आयर्न सुरू केलं आहे. या उपचाराशी संबंधित निदान असल्यास नोंदवावं.’ खाली पर्याय द्यायचे असतील तर आयर्न डेफिशियन्सी अ‍ॅनिमिया, इतर निदान, आणि सांगता येत नाही, असे द्या. पैसे किती मिळतील याचा उल्लेख क्वेरीत कधीच नको.

नवीन कोडर थकवा दिसला की डोळे झाकून आर५३.८३ लावतात. डॉक्टरने ‘वीकनेस’ लिहिलं असेल तर आर५३.१. कॅन्सरमुळे थकवा असं जोडून लिहिलं असेल तर आधी कॅन्सरचा कोड, मग आर५३.०. गरोदरपणातला थकवा ओ२६.८१ मध्ये, कितवी तिमाही ते पाहून. कोविडनंतर राहिलेला थकवा असेल तर आधी थकव्याचा कोड आणि मागे यू०९.९ (कोविडनंतरच्या त्रासाचा कोड), पण कोविडशी संबंध डॉक्टरने लिहिलेला हवा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ‘क्रॉनिक फटीग’ आणि ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ यांच्या गल्लतीची. पहिल्याला आर५३.८२, दुसऱ्याला जी९३.३२. १ ऑक्टोबर २०२२ च्या आधी नुसतं ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ लिहिलेलं असलं तरी ते आर५३.८२ मध्येच जायचं. म्हणजे वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली माणसं आणि काही महिने थकवा जाणवणारी माणसं आकडेवारीत एकाच खणात. आता खण वेगळा झाला आहे, पण ‘सिंड्रोम’ हा शब्द डॉक्टरनेच लिहायला हवा, आपण वाढवायचा नाही. दोन्ही कोड एकत्रही लावायचे नाहीत, आर५३.८२ खाली एक्सक्लूड्स १ ची (हे कोड एकत्र लावू नका अशी) नोंद आहे.

तो शब्द लिहायला डॉक्टरकडे आधार असावा लागतो, आणि तो हिस्टरीत सापडतो. २०१५ पासून अमेरिकेत वापरात असलेल्या निकषांत तीन गोष्टी लागतातच: सहा महिन्यांहून जास्त काळ रोजचं काम खूप घटवणारा थकवा, श्रमानंतर त्रास वाढणं, आणि झोपूनही ताजंतवानं न वाटणं. जोडीला विचार-स्मरणातली अडचण किंवा उभं राहिल्यावर होणारा त्रास, यांपैकी किमान एक. ‘पेशंट टायर्ड, पर्सिस्ट्स’ असं तीन व्हिजिट कॉपी-पेस्ट केलेल्या चार्टमधून यातलं काहीच कळत नाही. ‘आठ महिने थकवा, सामान आणायला गेलं तरी पुढचे दोन दिवस अंथरुणात, रात्रभर झोपूनही सकाळी तसंच’ ही एक ओळ असती, तर निदानापर्यंत पोचता आलं असतं. तुमच्या टीममध्ये डॉक्टरांना डॉक्युमेंटेशनचा फीडबॅक पाठवायची सोय असेल, तर हा मुद्दा जरूर पाठवा. एररच्या यादीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

शेवटचं एक: इंडेक्समध्ये कोड सापडला म्हणून तिथे थांबू नका, टॅब्युलर (कोडखालच्या सूचनांसह असलेली क्रमवार यादी) उघडा. आर५३.८ खालच्या एक्सक्लूड्समध्ये डिप्रेशनमुळे आलेला थकवाही आहे. तो एफ३२ किंवा एफ३३ मध्ये जातो, आणि ऑडिटला पुढची एरर बहुधा तिथलीच निघते.