एकतीस हजारांचा टीव्ही की पाचशेचा स्विच?

प्रश्न सांगलीच्या एका शिक्षकांचा आहे. मुलाच्या आग्रहाखातर त्यांनी सिनेमे आणि मॅचेस बघायला २४ हजारांचा छोटा कॉम्प्युटर घेतला. घरातला टीव्ही मात्र २००९ सालचा, ३२ इंची एलसीडी. त्याला मागे एचडीएमआय पोर्ट (चित्र आणि आवाज एकाच वायरीने घेणारं भोक) एकच, आणि तिथे सेट-टॉप बॉक्स लावलेला. बाकी एक निळं व्हीजीए सॉकेट (जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्याचं) आणि पिवळी-लाल-पांढरी अशी तीन भोकं. मुलगा म्हणतो, ४३ इंची नवा घेऊ, ३१,९९० रुपये, नऊ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी म्हणवणारे हप्ते. रोख दिले तर दुकानदार १,५०० कमी करतो. दुसरा मार्ग म्हणजे आजीच्या मोतीबिंदूसाठी ठेवलेली ६० हजारांची एफडी मोडायची. दर ७ टक्के, मुदत संपायला चार महिने. "काय करू?"

सर, पत्र वाचल्यावर पहिली गोष्ट मनात आली ती चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला. कॉम्प्युटर घेतला तेव्हा टीव्हीचा खर्च हिशेबात नव्हता. आता "२४ हजार वाया जातील" या धाकाने आणखी तीस हजार घालायची तयारी चाललीय. ते २४ हजार खर्च झाले. टीव्ही घेतला तरी परत येणार नाहीत, नाही घेतला तरी नाहीत. शिवाय आजचे स्मार्ट टीव्ही बहुतेक ओटीटी स्वतःच चालवतात. म्हणजे नवा टीव्ही आला की कॉम्प्युटरचं निम्मं काम संपलं. हे मुलाला शांतपणे विचारा.

तुमची खरी अडचण एका भोकाची आहे. तिला दोन उत्तरं आहेत. फुकटचं उत्तर असं : सेट-टॉप बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने जोडा, बहुतेक बॉक्सना ती सोय असते, आणि मोकळं झालेलं एचडीएमआय कॉम्प्युटरला द्या. आजींच्या मालिका थोड्या पुसट दिसतील. त्यांना ते खटकलं तर दुसरं उत्तर : पाचशेच्या आसपास मिळणारा एचडीएमआय स्विच. दोन वायरी आत, एक बाहेर. दुकानात मागताना "स्विच" म्हणा. बरेचदा हातात स्प्लिटर ठेवतात, तो नेमका उलटा, एकाचे दोन करणारा.

हे इतक्या ठामपणे सांगतोय कारण मी हात पोळून घेतलेत. गावच्या घरी जुना काचेचा, पेटीसारखा टीव्ही होता. त्याला लॅपटॉप जोडायला सहाशे रुपयांचा कन्व्हर्टर आणला आणि घरी आल्यावर कळलं की तो एव्हीचं (त्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीचं) एचडीएमआय करतो, मला हवं होतं एचडीएमआयचं एव्ही. दुकानदाराने परत घेतला नाही. दुसरा आणला, चित्र दिसलं, पण त्या टीव्हीच्या ५७६ रेषांत कॉम्प्युटरची अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. तुमचा टीव्ही तसा असता तर मीच म्हटलं असतं, त्याच्यावर पैसे घालू नका. पण तुमच्याकडे एचडीएमआय आहे. निळ्या सॉकेटच्या वाटेलाही जाऊ नका. त्यातून आवाज जात नाही, वेगळी वायर लागते, आणि कॉपी-संरक्षण असलेले सिनेमे त्या मार्गाने अडू शकतात.

जोडल्यावर चित्राच्या कडा कापल्या गेल्या, खालची पट्टी दिसेना, तर घाबरून दुकानात फोन करू नका. टीव्हीच्या मेनूत चित्राचा आकार "जस्ट स्कॅन" किंवा "स्क्रीन फिट" करा. आवाज आला नाही तर कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार साधा "स्टिरिओ" करा.

आता पैशांकडे. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज लावतेच. तेवढी सूट विक्रेता किमतीत देतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर बोट ठेवलं होतं. तुमचा आकडा मांडतो. बँकेचा दर १५ टक्के धरला तर नऊ महिन्यांचं व्याज १,९०० च्या घरात. ते विक्रेत्याच्या सवलतीत जिरतं, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी, सुमारे ३४०, तुमच्याच खिशातून. प्रोसेसिंग फी १९९ असली तर करासह २३५. वर हुकलेली रोखीची सूट १,५००. बेरीज दोन हजारांवर जाते. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरलं, तर हे वर्षाला साधारण १६ टक्क्यांचं कर्ज झालं.

गंमत म्हणजे एफडी मोडणं याहून स्वस्त पडेल. दंड एक टक्का असेल आणि १४ महिने झाले असतील, तर नुकसान सातशेच्या आसपास. तरीही मी एफडीला हात लावू देणार नाही. ते पैसे टीव्हीचे नाहीत, डोळ्यांचे आहेत. चार महिन्यांत ऑपरेशनची तारीख मिळाली तर कोणासमोर हात पसरणार?

मुलाचा एक मुद्दा खरा आहे : ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. पण तो काही दिवाळी सेल नाही की चार दिवसांत संपेल. आणि "विजेची बचत होईल" हेही तपासून पाहिलं. नवा टीव्ही ५० वॅट कमी खातो असं धरा, रोज पाच तास चालतो असं धरा. महिन्याला साडेसात युनिट, दहा रुपये दराने पंचाहत्तर रुपये. वर्षाला नऊशे. टीव्हीचे पैसे वसूल व्हायला ३४ वर्षं!

जुना टीव्ही पडद्यावर आडव्या रेषा दाखवायला लागला, अंधारायला लागला, तर दुरुस्तीत पैसे घालू नका, तेव्हा नवाच घ्या. त्यासाठी आतापासून महिना २,५०० ची आरडी लावा. वर्षाने तीस हजार आणि वर थोडं व्याज हाताशी असेल, आणि रोखीची सूटही तुमचीच. मुलालाच तिचं पासबुक सांभाळायला द्या.

आणि आजींच्या रिमोटवर "सोर्स" लिहिलेल्या, म्हणजे कुठल्या वायरीचं चित्र दाखवायचं ते निवडणाऱ्या बटणावर नेलपॉलिशचा ठळक ठिपका लावा. वायर बदलल्या दिवशी घरात खरी कटकट तिथेच होते.