बाओफेंगवर स्कॅन लावला की बोलणं अर्ध्यात तुटतं. कोणता मोड ठेवू?

तुम्ही विचारलंय की यूव्ही-५आर (बाओफेंगचा हातात धरायचा रेडिओ सेट, म्हणजे हँडी) स्कॅनवर, म्हणजे आपोआप एकेक चॅनेल चाळत असताना कुणी बोलायला लागलं की पाच सेकंदांत सेट पुढच्या चॅनेलवर पळतो, त्याला काय करायचं. आणि क्लबातले सीनियर सांगतात तशी हँडी कायम स्कॅनवर ठेवावी का. पहिल्याचं उत्तर: मेनू १८ मध्ये टीओ (पाच सेकंदांनी पुढे जा) आहे, तो सीओ (सिग्नल असेपर्यंत थांब) करा. दुसऱ्याचं उत्तर: अजिबात नाही. का, ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

काही वर्षांपूर्वी पाबे घाटात सायकलवाल्यांचा एक कार्यक्रम होता. खानापूरकडून चढायचं आणि वेल्ह्याकडे उतरायचं. आम्ही नऊजण हॅम, म्हणजे लायसन्सवाले हौशी रेडिओवाले, जागोजागी उभे होतो. नेट कंट्रोल (सगळ्यांना निरोप देणारं मुख्य स्टेशन) वेल्ह्यात आणि मी घाटमाथ्यावर. आदल्या संध्याकाळी आमच्यातले एक ज्येष्ठ ओएम ('ओल्ड मॅन', हॅम एकमेकांना असंच म्हणतात) लॅपटॉप आणि केबल घेऊन आले आणि नऊच्या नऊ सेटमध्ये एकच फाइल ओतून गेले. बारा चॅनेल होते. आमची कामाची सिम्प्लेक्स (सेटवरून थेट सेटवर) फ्रिक्वेन्सी, पुण्याचा रिपीटर (सिग्नल पकडून लांबवर परत सोडणारं स्टेशन) आणि 'असू देत' म्हणून घातलेले बाकीचे. जाताना फर्मान काढलं: सगळ्यांनी स्कॅनवर ठेवा, म्हणजे काही सुटणार नाही.

आता जरा हिशोब करा. हा सेट सेकंदाला साधारण तीन चॅनेल बघतो. सगळीकडे शांतता असेल तर बारा चॅनेलांची फेरी चार सेकंदांत होते. पण तो रविवार होता आणि रिपीटरवर सकाळची मंडळी गप्पांना बसली होती. टीओमध्ये सेट सिग्नल सापडला की पाच सेकंद थांबतो आणि समोरचा बोलत असला तरी पुढे जातो. म्हणजे चार अधिक पाच, नऊ सेकंदांची फेरी, आणि त्यात आमच्या कामाच्या चॅनेलच्या वाट्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा. कंट्रोलने तीन-चार सेकंदांचा निरोप दिला तर तो कानावर पडण्यापेक्षा न पडण्याची शक्यता जास्त.

सव्वासातच्या सुमाराला मला ऐकू आलं ते एवढंच: "...उतारावर रायडर पडलाय, अँब्युलन्स वर येतेय, माथ्यावर सगळ्यांना..." आणि पाच सेकंद संपले. लगेच रिपीटरवरचा दुसरा आवाज, निवांत, अँटेनाच्या गप्पा: "हां, तर एसडब्ल्यूआर आता एक पॉइंट दोन आलाय बघा."

माथ्यावर सगळ्यांना काय? थांबवू? सोडू? मी घाईत पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं. स्कॅन थांबला, पण त्या क्षणी होता तिथेच, म्हणजे रिपीटरवर. परत दाबून "कंट्रोल, रिपीट करा" म्हणालो. उत्तर आलं, "कोण स्टेशन? कॉलसाइन द्या." मी माझी कॉलसाइन सांगतोय, पलीकडे ते मला गुड मॉर्निंग म्हणतायत, आणि एवढ्यात माझ्यासमोरून चार सायकली उताराला लागल्या. खाली वळणावर अँब्युलन्स आडवी. चौघांनी ब्रेक मारले, कुणी धडकलं नाही. पडलेल्या मुलाचं कॉलरबोन मोडलं होतं, ते मात्र आधीच. पण ते दोन मिनिटं मी कसा उभा होतो ते मलाच माहीत.

संध्याकाळी सगळे चहाला बसलो तेव्हा त्या ओएमनी सगळ्यांसमोर निकाल दिला: "ऑपरेटरचं लक्ष नव्हतं." मी तेव्हा गप्प बसलो. वय मोठं, माणूस जुना, मला परीक्षेच्या वेळी मोर्स शिकवलेला. घरी येऊन मेनू १८ उघडला तर टीओ. माझ्या सेटमध्ये मी सीओ करून ठेवलेला होता! क्लोन केलं, म्हणजे एका सेटची फाइल दुसऱ्यात ओतली, की नुसते चॅनेल जात नाहीत, मूळ सेटची बाकीची सेटिंग्जही माथी बसतात, आणि त्यांचा मूळ सेट कंपनीतून आला तसाच असणार. दुसऱ्याच्या सेटमध्ये लिहिणाऱ्याने काय लिहिलं ते सांगायला नको?

असो. तुमचा प्रश्न.

सीओ म्हणजे सिग्नल असेपर्यंत थांबणार, गेला की पुढे. रिपीटर ऐकायला हा उत्तम, कारण तुम्ही बटण सोडल्यावरही रिपीटरची शेपटी क्षणभर हवेत असते आणि तेवढ्यात दुसरा बोलायला लागतो. सिम्प्लेक्सवर मात्र प्रश्न ऐकू येतो आणि उत्तर यायच्या आत सेट निघून गेलेला असतो. एखादा घाणेरडा एलईडी दिवा किंवा चार्जर रेडिओत खरखर करत असेल तर त्याच्यावरच बसून राहतो. स्क्वेल्च (खरखर दाबणारी सेटिंग) थोडा चढवून बघा, पण या सेटच्या स्क्वेल्चकडून फार अपेक्षा ठेवू नका. सिंहगडावर टीव्ही टॉवरजवळ तर स्कॅन लावूच नका, समोरचा जोरदार सिग्नल या स्वस्त रिसीव्हरला बहिरा करतो. तिसरा पर्याय एसई. तो पहिला सिग्नल सापडला की तिथेच स्कॅन संपवतो. नव्या गावात गेल्यावर कुठे कोण बोलतंय ते शोधायला मी हाच वापरतो.

फ्रिक्वेन्सी मोडमध्ये (मेमरीतले चॅनेल सोडून थेट आकड्यांवर) स्कॅन लावायचा मोह टाळा. सेट १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ सगळं चाळतो. १२.५ किलोहर्ट्झची स्टेप धरली तर ३,०४० पायऱ्या, म्हणजे एका फेरीला सतरा मिनिटं. आपला हॅमचा टू मीटर बँड १४४ ते १४६ एवढाच, त्यात १६० पायऱ्या, मिनिटाच्या आत संपल्या असत्या. म्हणून हवे ते चॅनेल मेमरीत टाका, नको ते चर्पमध्ये (सेट प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर) स्किप करा आणि मेमरी स्कॅन वापरा. यासूच्या एफटी-६० सारख्या सेटमध्ये वरची-खालची हद्द ठरवून तेवढाच तुकडा स्कॅन करता येतो, पण त्याची किंमतही तशीच आहे.

आणि जिथे काम आहे, ड्यूटी आहे, तिथे स्कॅन बंद. एक चॅनेल, आवाज पूर्ण, बॅटरी सेव्ह बंद (नाहीतर पहिला शब्द खातो). दोन फ्रिक्वेन्सी ऐकायच्याच असतील तर ड्युअल वॉच (सेट दोन्ही आळीपाळीने बघतो) लावा किंवा सरळ दोन हँडी घ्या. स्पेस स्टेशनसाठीही तेच. ते डोक्यावर जेमतेम दहा मिनिटं असतं, १४५.८०० मेगाहर्ट्झवर लावून गप्प बसा. स्कॅन ही घरी खुर्चीत बसून करायची गोष्ट आहे. तिथे मीही तासन् तास करतो.

हे आधी सांगायला हवं होतं: सेट सगळं पकडतो म्हणून सगळं ऐकायची मुभा मिळत नाही. लायसन्स हॅम बँडचं आहे. पोलीस, विमानं वगैरे मेमरीत भरू नका, आणि चुकून काही कानावर आलं तर ते कुणाला सांगू नका, रेकॉर्ड करून ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. आणि लायसन्स अजून आलं नसेल तर सेट घ्यायच्या आधी नियम वाचा.

आणखी एक. सकाळी सेट सुरू केल्यावर मेनू १८ मीही बघितला नव्हता. तीस सेकंदांचं काम होतं. एवढं मी त्या ओएमना द्यायला तयार आहे, त्याहून जास्त नाही. आता कुणी केबल घेऊन जवळ आलं की मी आधी सेटची बॅटरी काढून खिशात टाकतो.